सेलचे पैसे कोण देणार? पुण्यातून वन्यजीव संशोधनाला देणगी देताना

आमच्या गटाने पहिली देणगी दिली ती चुकीची दिली. वेताळ टेकडीवर रोज सकाळी फिरणारे आम्ही पंधराएक जण, बहुतेक निवृत्त, दोघं-तिघं आयटीतले. वर्गणी काढली, दोन कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) विकत घेतले, एका संस्थेच्या कार्यालयात जाऊन दिले, पेढे वाटले, फोटो काढले. वर्षभराने सहज चौकशी केली तर दोन्ही कॅमेरे कपाटात. त्यांचे सेल, म्हणजे बॅटऱ्या, संपले होते, आणि ते बदलायला डोंगरात जाणारा मुलगा तीन महिने पगार थकल्यामुळे दुसरीकडे नोकरीला लागला होता. संस्थेला तरी काय बोल लावायचा? आम्ही दिलं ते त्यांनी घेतलं. त्यांना नेमकं काय हवंय हे आम्ही विचारलंच नव्हतं.

माझी तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. कर्जदाराला जे प्रश्न सवयीने विचारायचो, त्यातला एकही देणगी देताना विचारला नाही याची जास्त लाज वाटली. त्यानंतर आम्ही हळूहळू एक पद्धत बसवली. ती इथे क्रमाने लिहितो. गट असो की एकटा माणूस, रक्कम दोन हजार असो की दोन लाख, पद्धत फारशी बदलत नाही.

आधी समजून घ्या: हात न लावता म्हणजे काय

प्राण्याला न पकडता, बेशुद्ध न करता, त्याच्या अंगावर काही न बांधता केलेला अभ्यास म्हणजे नॉन-इन्व्हेजिव संशोधन. कॅमेरा ट्रॅप सगळ्यांना माहीत असतो: समोरून ऊबदार अंग हललं की सेन्सरला कळतं आणि फोटो निघतो. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे, प्रत्येकाचे वेगळे. डाव्या आणि उजव्या अंगावरची नक्षीही सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे जोडीनेच कॅमेरे लावावे लागतात. आम्ही दोन कॅमेरे दिले, म्हणजे प्रत्यक्षात एकच जागा दिली, हे आम्हाला नंतर कळलं.

दुसरा मार्ग विष्ठेचा. लांडग्याची किंवा बिबट्याची विष्ठा हातमोजे घालून गोळा करायची, वाळवून किंवा अल्कोहोलमध्ये ठेवायची आणि प्रयोगशाळेत तिच्यातून डीएनए काढायचा. जनावर कोणतं, नर की मादी, आधीच्या नमुन्यातलंच की वेगळं, एवढं त्यातून समजू शकतं. काय खाल्लं ते केस आणि हाडांच्या तुकड्यांवरून कळतं. चांगले लोक सगळी विष्ठा उचलत नाहीत, थोडी तिथेच ठेवतात, कारण जनावरासाठी ती हद्दीची खूण असते. तिसरा मार्ग आवाजाचा. झाडाला काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र बांधून ठेवायचं आणि बेडूक, घुबडं, वटवाघळं यांचे आवाज रात्रभर नोंदवायचे. शिवाय जुन्या पद्धती आहेतच: ठरलेल्या वाटेवरून चालत मोजणी, भीमाशंकरच्या झाडांवर शेकरूची घरटी मोजणं, गावोगाव फिरून लोकांना विचारणं.

या पद्धतींना कमी लेखू नका. वाघांची गणती पूर्वी पंजाच्या ठशांवरून व्हायची. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे उघड झाल्यावर ती पद्धत मोडीत निघाली आणि देशभर कॅमेरे आले. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि जवळजवळ ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले. त्यातले वाघाचे किती? ७६,६५१. बाकी हरणं, गुरं, माणसं, वाऱ्याने हललेलं गवत. हे सगळं कुणीतरी बसून निवडावं लागतं, संगणकाची मदत घेतली तरी. देणगीदाराच्या डोळ्यासमोर वाघाचा फोटो असतो. खर्च होतो तो उरलेल्या फोटोंवर.

एक इशारा मात्र देतो. हात लावला नाही म्हणजे त्रास दिला नाही, असं नाही. घरट्यावर ड्रोन घिरट्या घालतो, पक्षी समोर यावा म्हणून त्याचाच आवाज मोबाइलवर पुन्हा पुन्हा वाजवला जातो, लांडग्याच्या पिल्लांच्या बिळासमोर दिवसभर माणसं बसतात. उलट गळ्यात ठिकाण कळवणारा पट्टा बांधून केलेला अभ्यास म्हणजे पापच, असंही नाही. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, पुढे ‘आजोबा’ नावाने ओळखला गेलेला बिबट्या माळशेजला सोडल्यावर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानाकडे गेला, हे पट्ट्यामुळेच कळलं. कॅमेऱ्याला ते जमलं नसतं. पण बेशुद्ध करण्यात धोका असतो. डिसेंबर २०२०मध्ये कोथरूडच्या सोसायट्यांत शिरलेला गवा आठवतो ना? गर्दीपुढे धावून धावून दमलेला, जखमी झालेला तो प्राणी बेशुद्ध करून नेल्यावर दगावला. तो अभ्यासाचा प्रसंग नव्हता, पण भेदरलेल्या जनावराचं शरीर किती नाजूक असतं ते सगळ्या पुण्याने पाहिलं. म्हणून आमच्या गटाचं धोरण साधं आहे: लांबून भागत असेल तिथे लांबूनच, आणि आमचा पैसा त्या कामाला.

पायरी पहिली: प्राणी नको, प्रश्न निवडा

‘आम्हाला वाघासाठी द्यायचंय’ असं म्हणणारे खूप. वाघाला पैसे मिळतात. पुण्याच्या आजूबाजूला बघा. सासवड, जेजुरी, बारामती, इंदापूरकडच्या माळरानांवर लांडगा, तरस, खोकड, चिंकारा आहेत. सरकारी कागदांत या माळांची नोंद वर्षानुवर्षं ‘पडीक’ अशी झाली, त्यामुळे त्यांना कुणी वाली नसतो. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकाऱ्याला ते पुरत नाही, तो बाहेरच्या गायरानांवरच हिंडतो. घाटाकडे शेकरू, भेकर, साळिंदर, खवल्या मांजर. आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसात बिबट्या.

बिबट्याचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण संशोधनाला पैसे का द्यायचे हा प्रश्न मला त्यातच सुटला. जुन्नर परिसरात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम २००१मध्ये सुरू झाली. हेतू चांगलाच होता. पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. मोहिमेआधी, १९९३ ते २००१ या काळात, वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते; मोहीम सुरू झाल्यावर ते १७वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर अधिक धोक्याचं ठरतं, हे आकड्यांनी दाखवलं. त्याच संशोधकांनी नंतर अकोले तालुक्यात कॅमेरे लावले, तेव्हा शेतीवाडीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले. मोजणी केलीच नसती तर ‘जंगलातून वाट चुकून आले’ हीच समजूत टिकली असती, आणि पिंजरे लावत राहिलो असतो.

तेव्हा एक प्रश्न निवडा. ‘उसात राहणारी मादी पिल्लं कुठे ठेवते?’ ‘माळावर भटकी कुत्री वाढली तर लांडग्याचं काय होतं?’ असा. प्रश्न ठरला की त्यावर काम करणारी माणसं शोधणं सोपं जातं.

पायरी दुसरी: माणसं शोधा आणि कागद बघा

ओळखीसाठी काही नावं देतो. शिफारस म्हणून नव्हे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३पासूनची. म्हैसूरचं नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन १९९६चं. पुण्यात माळरानं आणि लांडग्यांसाठी काम करणारा द ग्रासलँड्स ट्रस्ट आहे, पक्ष्यांवर, विशेषतः घुबडांवर काम करणारं इला फाउंडेशन आहे. याशिवाय विद्यापीठांत आणि आयसरसारख्या विज्ञान संस्थांत पीएच.डी. करणारी मुलं-मुली असतात. त्यांना थोड्या पैशांचाही मोठा आधार होतो, पण पैसे त्यांच्या वैयक्तिक खात्यात न देता संस्थेमार्फतच द्या.

संस्था ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली तिची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा. शेवटच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा. ते द्यायला तयार असलेली संस्था दोन दिवसांत ईमेल करते; ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं विचारणाऱ्या संस्थेला मी नमस्कार करून फोन ठेवतो. संस्था कंपनी कायद्याच्या कलम आठखालची, म्हणजे ना-नफा, कंपनी असेल तर तिची कागदपत्रं कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नाव आहे का तेही बघा, पण तिथे नाव असणं हे काही चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे.

ताळेबंद वाचायची धास्ती घेऊ नका. खर्चाच्या बाजूला पगार, प्रवास, उपकरणं, प्रयोगशाळा, कार्यक्रम हे आकडे बघा. पगार जास्त दिसले की लोक नाक मुरडतात. संशोधनात पगार जास्तच असायला हवेत, कारण काम माणसं करतात. मी नाक मुरडतो ते समारंभ आणि छपाईचा आकडा फुगला तर.

पायरी तिसरी: तासभर फोनवर बोला

आमच्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटा, चहा पाजा. काय विचारायचं?

परवानगी आहे का, हे पहिलं. अभयारण्यात अभ्यासासाठी जायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात ते कार्यालय नागपुरात आहे. पत्राची प्रत दाखवा म्हणा. परवानगी ‘येतेय’ असेल तर ती आल्यावरच पैसे द्या, घाई नाही. काम खासगी शेतात असेल तर शेतकऱ्याला विचारलंय का?

मग पद्धतीबद्दल. आमिष लावता का? झगझगीत फ्लॅश की डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड? आवाज वाजवता का? आलेली विष्ठा कोणत्या प्रयोगशाळेत जाते, आणि त्यांच्याशी लेखी काही ठरलंय का? शेवटचा प्रश्न फालतू वाटतो, पण शंभर नमुने फ्रिजमध्ये पडून आहेत आणि तपासणीला पैसे नाहीत, अशा गोष्टी या क्षेत्रात सर्रास ऐकू येतात.

माणसांच्या फोटोंचं काय करता, हे जरूर विचारा. जंगलाच्या वाटेवर लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका असतात, आडोशाला बसणारे लोक असतात. उत्तराखंडात कॉर्बेटच्या भागात कॅमेरे आणि ड्रोनमुळे गावातल्या बायकांना कसा जाच झाला, त्यावर २०२४मध्ये केंब्रिज विद्यापीठातून संशोधन प्रसिद्ध झालं. ‘माणसांचे फोटो आम्ही आधी पुसतो, आणि कॅमेरा कुठे लावलाय ते गावात सांगून ठेवतो’ असं उत्तर आलं की समजावं, या लोकांनी विचार केलाय.

आणि सगळ्यात शेवटी, जरा सहज आवाजात: गेल्या वर्षी काय फसलं? जो मनमोकळेपणाने सांगेल त्याला पैसे द्या. कॅमेरे चोरीला जातात, पहिल्या पावसात आत पाणी शिरतं, मुंग्या घर करतात. ‘आमचं काहीच फसलं नाही’ म्हणणारा एक तर कार्यालयाबाहेर पडलेला नसतो, किंवा खरं सांगत नसतो.

पायरी चौथी: कशासाठी द्यायचं ते ठरवा

आता सेलकडे येतो. समजा तीस जागी कॅमेरे लावायचेत. जोडी धरून साठ कॅमेरे. एका कॅमेऱ्याला आठ सेल धरले तर ४८०. हंगामात एकदा बदलायचे तर ९६०. साठ मेमरी कार्डं, शिवाय अदलाबदलीची आणखी साठ. लोखंडी पेटी, साखळी, कुलूप. दर दहा-पंधरा दिवसांनी एक जीप किंवा दोन दुचाक्या, त्यांचं पेट्रोल. गावातला एक वाटाड्या, ज्याला कोणत्या ओहोळातून तरस जातं ते ठाऊक असतं आणि ज्याला आपण अजूनही ‘मजूर’ म्हणून मोजतो. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो. हे बाकीचं दरवर्षी लागतं. कॅमेरा द्यायला कंपन्या येतात, त्यावर लोगो चिकटवता येतो. सेलवर लोगो चिकटत नाही.

म्हणून आमचा गट आता तीनच गोष्टींना पैसे देतो: स्थानिक क्षेत्र-सहायकाचा पगार, प्रवास आणि सेल, आणि प्रयोगशाळेचं बिल. रिचार्ज होणारे सेल आणि चार्जर घेऊन दिले तर दोन हंगामांत फरक दिसतो. मेलेले सेल कुठे टाकता, तेही विचारतो. आमच्यातला एक जण ते ई-कचऱ्यात नीट जमा करायचं काम आवडीने करतो.

आणि एकाच वर्षी मोठी रक्कम देण्यापेक्षा तीन वर्षं थोडी थोडी द्या. पन्नास हजार एकदम देणारा माणूस संस्थेला आवडतो, पण दरवर्षी जूनमध्ये अठरा हजार नक्की येणार हे माहीत असेल तर सहायकाला ‘पुढच्या वर्षीही ये’ असं सांगता येतं. बिबट्याची मादी दोन पिल्लं वाढवून मोकळी होईपर्यंत दीड-दोन वर्षं जातात. एका हंगामात काय कळणार? आम्ही हे एका साध्या पत्रावर लिहून देतो: एवढी रक्कम, एवढी वर्षं, या कामासाठी, काम बंद पडलं तर कळवावं. कोर्टात टिकेल असा तो कागद नाही. दोघांच्याही लक्षात राहावं एवढ्यापुरता आहे.

पायरी पाचवी: पैसे देणं आणि कर

हा भाग रुक्ष आहे, पण इथेच लोक चुकतात.

चेक, यूपीआय किंवा बँक ट्रान्सफरनेच द्या, आणि तेही संस्थेच्या नावाच्या खात्यात. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलीत तर आयकराच्या ८०जी कलमाची सवलत त्या रकमेवर मिळत नाही. वस्तू दिली तरी मिळत नाही. आमच्या त्या दोन कॅमेऱ्यांवर आम्हाला एक रुपयाही वजावट मिळाली नाही. संस्थेची ८०जी नोंदणी चालू आहे का आणि कधीपर्यंत, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर बघा. पॅन द्या, कारण संस्था देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरते आणि त्यातूनच तुमचं १०बीई, म्हणजे देणगीचं, प्रमाणपत्र निघतं. नुसती छापील पावती आता पुरत नाही. जून उजाडला की प्रमाणपत्र मागून घ्या, लाजू नका.

अशा संस्थांना दिलेल्या देणगीवर बहुधा ५० टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. १०,००० दिले तर ५,००० उत्पन्नातून वजा. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून १,५६० रुपये वाचतात. आणि नव्या करप्रणालीत असाल तर काहीच नाही. आमच्या गटात निम्मे लोक नव्या प्रणालीत आहेत, हे आम्हाला ‘कर वाचवा’ म्हणून वर्गणी गोळा केल्यानंतर समजलं. थोडी नाचक्की झाली. १ एप्रिल २०२६पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होतो, त्यात जुन्या कलमांचे क्रमांक बदललेत. वर दिलेली नावं १९६१च्या कायद्यातली आहेत, सीएशी बोलताना हे लक्षात ठेवा.

पुण्यात प्रत्येक घरचं कुणीतरी परदेशात असतं, म्हणून एक सूचना. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असेल, तर इथल्या खात्यातून रुपयांत दिलेले पैसेही विदेशी देणगीच ठरतात. संस्थेकडे विदेशी देणगी घेण्याची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी नसेल तर ते तिला घेता येत नाहीत. पुतण्याचे पैसे आपल्या नावावर फिरवून देऊ नका; अडचणीत संस्था येते.

हिंजवडी-खराडीत नोकरीला असाल तर कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला दोन गोष्टी विचारा: पगारातून दरमहा देणगी कापायची सोय आहे का, आणि तुम्ही दिलेल्या रकमेएवढीच भर कंपनी घालते का. सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतले, पैसे हवे असतील तर संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी असावी लागते. कंपनीला झाडं लावायला आणि फोटो काढायला आवडतं. सहायकाच्या पगारासाठी तिला पटवायला तीन बैठका लागतात. लागू द्या.

दिल्यानंतर

वर्षातून एकदा दोन पानी अहवाल मागा: किती रात्री कॅमेरे चालू होते, किती बंद पडले, किती नमुने तपासून झाले, पैसे कुठे गेले. निष्कर्षाची घाई करू नका. ‘बिबट्याचा एखादा भारी फोटो पाठवा ना’ हे तर नकोच. आणि बीळ कुठे आहे, घरटं कोणत्या झाडावर आहे, हे विचारूही नका. एक देणगीदार शनिवारी नातवंडांना घेऊन लांडग्याची पिल्लं बघायला गेला, की पुढच्या शनिवारी पन्नास गाड्या जातात. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठिकाणाचं नाव टाकायला बंदी आहे. मोडणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

पैसे जमत नसतील त्या वर्षी वेळ द्या. मराठी कळणारा माणूस गावातल्या मुलाखती लिहून काढू शकतो, निवृत्त हिशेबनीस संस्थेच्या पावत्या लावून देऊ शकतो. मी तेच करतो.

यंदाच्या अहवालात सेल बदलल्याचा तक्ता आहे. जागा क्रमांक, तारीख, शेरा. बाराव्या जागेपुढे सहायकाने लिहिलंय: ‘वानराने कॅमेरा फिरवला. एकोणीस दिवस नुसते आभाळाचे फोटो. सेल मात्र चांगले आहेत.’